श्वास रोखलेल्या मापाचा कोट

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकताना हल्ली कंबर करकरते, तरी वाकलोच आहे असं समजावं.) तुझी तब्येत ठीक असेल. भावोजींच्या गुडघ्याला उतार पडला नसणारच. मी शिवून दिलेल्या पँटचा उजवा गुडघा डाव्याच्या आधी विरला असेल तर दुखणं उजव्यात आहे, डॉक्टर काही का म्हणेना. कापड खोटं बोलत नाही. आमच्याकडे सगळे खुशाल. तुझी भावजय खुशाल. बाबा वरच्या खोलीत आहेत तसेच आहेत. नजर आता गेल्यात जमा, खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढं कळतं. कान मात्र असे तिखट झालेत की खाली दुकानात सुई पडली तर वरून विचारतात, काय सांडलं म्हणून.

पत्र लिहायला उशीर झाला, कारण जे सांगायचं आहे ते नीट मांडायला वेळ लागला. मी अर्धवट काम गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही, तुला कसं देईन? मागच्या खेपेला तू निघालीस तेव्हा दारात चपला घालता घालता म्हणालीस, "गावभरच्या लोकांची मापं घेतोस, स्वतःचं कधी घेतलंस का रे?" आणि वर, "दुपारचं जरा बाबांजवळ बसत जा." तुझं पहिलं वाक्य मला लागलं. दुसरं मी ऐकलं. तू गेल्यावर बसून विचार केला, की आपण इतकी वर्षं मशीन हाकतो, पण कशासाठी? लवकर उठणं नाही, खाण्याला धरबंध नाही, तोंडाला तर मुळीच नाही. माणसानं आधी आपलं माप ठरवावं आणि मग त्यात बसावं, असा सिद्धांत मी तिथल्या तिथे मांडला. (तो अजून कुणी मांडला असल्यास मला माहीत नाही. मी वाचलेला नाही.) मग ठरवलं, पहाटे उठायचं, अर्धं खायचं, पाव बोलायचं आणि दुपारी बाबांजवळ बसायचं. तुझं म्हणणं शेवटी घातलं, कारण त्यात अवघड ते काय?

आता माप ठरवायचं म्हणजे नुसतं तोंडी ठरवून भागत नाही, समोर धड उभं लागतं. म्हणून मी माझाच पुतळा करायला घेतला. रीत कुणाकडून शिकलो नाही. मी काहीच कुणाकडून शिकलेलो नाही, हे तुला माहीत आहे. जुन्या बाजारातून मेलेल्या माणसांचे कोट आणायचे आणि टाका टाका उसवून आत काय दडलंय ते बघायचं, अशी माझी शाळा. माणूस जातो, पण अस्तराखाली त्याचा आकार बसून राहतो. हळूहळू मी त्या लोकांशी थोडंफार बोलायलाही लागलो. (ते ऐकून घेत. जिवंत गिऱ्हाइकांत हा गुण नाही.) असो. अंगात जुना बनियन घालून मी आरशासमोर उभा राहिलो आणि तुझ्या भावजयीनं मला ओल्या डिंकाच्या कागदी पट्ट्यांनी गळ्यापासून कमरेखालपर्यंत गुंडाळलं. मी पोट आत घेतलं, छाती काढली, खांदे सरळ केले. ती म्हणाली, "अहो, सोडा तो श्वास, माप खोटं येईल." मी मानेनंच नाही म्हणालो. "मग पुतळा तुमचा नाही होणार." तरी सोडला नाही. पट्ट्या वाळल्या, तिनं पाठीवर कातर चालवली आणि मी त्यातून बाहेर आलो तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण ते जे टरफल उरलं ना ताई, त्याच्यासारखा देखणा माणूस आपल्या घराण्यात झाला नाही. डावा खांदासुद्धा सरळ. (तो कशानं उतरला ते तुला सांगायला नको. शाळेत जायला नको म्हणून मी रस्त्यावर बसायचो आणि तू डावा हात धरून फरपटत न्यायचीस. तेव्हापासून माझ्या प्रत्येक शर्टाला डावीकडे काखेखाली एक चुणी पडते.) टरफलात त्या जुन्या कोटांच्या चिंध्या ठासून भरल्या, वर मांजरपाट चढवलं, पुतळा दांड्यावर रोवला आणि दुकानात जिन्याखाली उभा केला. डोकं नाही, हात नाहीत. पण पाठमोरा पाहिला की वाटायचं, आता वळेल.

मग त्याच्या मापाचा राखाडी कोट शिवला. ज्या दिवशी हा कोट मला लागेल त्या दिवशी मी तो माणूस झालो, असा करार. शिवला तो असा की पुतळ्याला चढवल्यावर हात नसूनही बाही भरलेली दिसे. मला मात्र तो पोटावर बंद होईना. बाकीच्या नियमांचंही तसंच झालं. पहाट माझ्याशिवाय होऊन जायची. आणि दुपारी वर जायचं म्हणजे, ताई, ते दिसतं तेवढं सोपं नाही. जिन्याच्या चार पायऱ्या चढलो की आठवायचं, कुणाची तरी काजं राहिलीत. तुझ्यापाशी म्हणून लिहितो, बाबांसमोर बसलं की मला हातांचं काय करावं ते कळत नाही. हातात सुई नाही, टेप नाही, आणि ते त्या विझलेल्या डोळ्यांनी माझ्या दिशेला बघतात. मग मी कटिंगच्या टेबलावर कापडाच्या गठ्ठ्यावर डोकं टेकायचो आणि दुपार निघून जायची.

असे काही दिवस गेले आणि एका संध्याकाळी तुझी भावजय चहा ठेवताना म्हणाली, "हल्ली वर जाऊन बसता, बरं करता. न बोलता बसता, हे तर फारच बरं करता." मी नुसतं हं म्हणालो. श्रेय आपल्या पायांनी चालत आलं तर त्याला दारातून परतवून लावण्याइतका मी उर्मट नाही. वाटलं, बाबांना भास झाला असेल, तिनं तो खरा मानला असेल. दुसऱ्या दिवशी बाबांच्या छातीला चोळायचा बाम आणायला गेलो, तर औषधवाला म्हणतो, "पुन्हा? सकाळीच नेलात की."

"मी?"

"मग कोण? राखाडी कोट घातला होता. काय बसलाय हो अंगात. कुणाकडून शिवून घेतलात?"

अंगावर काटा आला आणि छाती फुगली, दोन्ही एकदम. असं तुला कधी झालंय का? घरी येऊन पुतळ्याच्या अंगावरचा कोट उतरवला आणि खिडकीपाशी उजेडात धरला. गिऱ्हाइकाचा कोट दुरुस्तीला आला की मी तो आधी वाचतो. हा मी माझ्या हातानं इस्त्री करून चढवलेला, कुणाच्या अंगाला न लागलेला कोट. मागचे सोगे बसून बसून चुरगळलेले. कोपरं किंचित चकाकलेली, खुर्चीच्या दांडीवर टेकल्यासारखी. कॉलरवर औषधाचा वाळलेला थेंब. आणि उजव्या बाहीच्या टोकाला कापडाची लव उठलेली, घड्या पडलेल्या, जशी कुणीतरी मूठ आवळून बाही धरून ठेवावी, रोज, बराच वेळ. हुंगून पाहिलं. बामाचा वास.

मी लोकांचं पुष्कळ ऐकून घेतो, पण माझ्याच कोटात शिरून माझ्याच बापाजवळ दुसऱ्यानं बसायचं? तेही माझ्यापेक्षा नीट? भीती वाटली हे खरं आहे, पण त्याहून जास्त अपमान वाटला. (औषधवाल्यानं माझ्याकडून शिवून घेतलेल्या शर्टाबद्दल एवढ्या वर्षांत चकार शब्द काढला नव्हता.) मी कोट कपाटात कोंडला, किल्ली कनवटीला लावली आणि पुतळ्याचं तोंड भिंतीकडे केलं. म्हणजे, तोंड असतं तर ज्या बाजूला असतं ती बाजू. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तेव्हा ती बाजू जिन्याकडे होती. मी परत फिरवला. ती परत जिन्याकडे. मग मी फिरवायचं सोडलं. काम करताना माझी पाठ त्याच्याकडे असायची आणि सारखं वाटायचं, कुणीतरी कातर चालवून मला उघडेल.

वर जाणं बंद झालं. म्हणजे माझं तर नव्हतंच, त्याचं बंद झालं. तुझी भावजय म्हणाली, "का हो, रुसलात का बाबांवर? औषध घेईनात कालपासून. माझ्या हातचं तर नाहीच." मी म्हटलं, काम आहे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, हिला कळलं. त्या दुपारी मी वर गेलो, आत नाही, दारापर्यंतच. खोलीत खुर्ची पलंगाला लावून ठेवलेली. बाबा कुशीवर झालेले, आणि त्यांचा हात पलंगाच्या कडेबाहेर, खुर्चीच्या दिशेनं. हवेत मूठ मिटत होते आणि उघडत होते. मिटत होते आणि उघडत होते. कुणाला हाक नाही, काही नाही. जिथे बाही असायची ती जागा चाचपत होते.

मी खाली आलो. कपाट उघडलं. कोट अंगात घातला, पोट आत घेतलं, छाती काढली, आणि बटण लागलं. श्वास सोडला असता तर सुटलं असतं, म्हणून तसाच कोंडून जिना चढलो. (माझं बटण आजवर तुटलेलं नाही. मी लावलेलं बटण कापड फाटलं तरी जागेवर राहतं, अशी माझी ख्याती आहे.) खुर्चीवर बसलो. बाबांचा हात आला, बाही सापडली, मूठ आवळली गेली. बरोबर त्याच घड्यांवर. हातांचं काय करायचं हा प्रश्नच उरला नाही, एक त्यांच्याकडे होता, दुसऱ्यानं औषधाचा चमचा धरला. त्यांनी मुकाट घेतलं. मी डोळे मिटून श्वास धरून होतो. कानात घण वाजायला लागले. शेवटी नाइलाजानं सुटला, भात्यासारखा, आणि ताई, बटण उडालं. फरशीवर आपटलं आणि घरंगळत पलंगाखाली गेलं.

"गेलं," बाबा म्हणाले. मग जरा वेळानं, "कुणी शिवलाय?"

"मी."

"तरीच."

आणि हसले. बाबा किती वर्षांनी हसले असतील ते तूच सांग. मीही हसलो. मग ते बाही न सोडता हळू आवाजात म्हणाले, "रोज येऊन एवढा वेळ बसतोस. आज पहिल्यांदा श्वास ऐकू आला."

त्या दिवसापासून मी दुपारी वर जातो. लवकर उठणं अजून जमलेलं नाही आणि खाण्याबद्दल तुझ्या भावजयीला विचारू नकोस, पण दुपार चुकत नाही. कोट तोच घालतो, उघडाच. बोलायला काही नसतं, तेव्हा बोलत नाही. ते बाही धरतात, कधी बोटांनी कापड चोळून बघतात आणि म्हणतात, "माल बरा आहे." मला एवढ्या वर्षांत कुणी दिलं नव्हतं असं ते प्रशस्तिपत्र आहे. मी मांडलेला सिद्धांत चुकला असं मी म्हणणार नाही. त्यात फक्त श्वासासाठी जागा सोडायला हवी होती.

पुतळा मात्र बदललाय. सकाळी टेप लावला. मांजरपाट छातीवर सैल पडलंय आणि पोटाशी ताणलंय. त्यानं श्वास सोडलाय.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. वरचं सगळं तुझ्या करमणुकीसाठी लिहिलं. खरं काम हे, की चार दिवस ये. बाबा तुझी आठवण काढतात, आणि मलाही कुणीतरी बघून सांगायला हवं आहे. कारण काल मी वरून खाली आलो तेव्हा तुझी भावजय म्हणाली, "आत्ता तर वर गेलात." तेव्हा येशील त्या दिवशी दार उघडणाऱ्याचा डावा खांदा आधी बघ. उतरलेला असेल तर मी. सरळ असेल तर आत येऊ नकोस, बाहेरूनच मला हाक मार.

आणखी ता. क. पाकीट चिकटवण्याआधी खात्री करावी म्हणून तुझ्या भावजयीकडून माझे खांदे मोजून घेतले. दोन्ही एका रेषेत आहेत. बाबांनी रोज ओढून ओढून उजवाही खाली आणला. एक तू ओढलास, एक त्यांनी, आता बहुधा माप पुरं झालं. मग पुतळ्याचे बघितले. त्याचा डावा उतरलाय, आणि काखेखाली मांजरपाटावर एक चुणी आहे, जी मला चांगली ओळखीची आहे. तेव्हा वरची खूण रद्द. दार कुणीही उघडलं तरी आत ये, आणि सरळ वर जा. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला आज सकाळपासून आणखी एक खुर्ची मांडलेली आहे. मी मांडलेली नाही, तुझी भावजयही नाही म्हणते. कुणी का मांडलेली असेना, तू येऊन बस.