दुपारी दोन ते चारची खोली

मी, मनकर्णाबाई भ्र. कै. बद्रीनाथ दांडगे, वय अडुसष्ट, धंदा डबे पोचवणे, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. मला कोणी भरीस घातलेले नाही. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे आणि तो खऱ्या डॉक्टरांचा आहे. हे मुद्दाम सांगते, कारण अकरा वर्षांपूर्वी मी घरात आणलेला कागद खऱ्या डॉक्टरांचा नव्हता. त्याचा खुलासा कलम दोनमध्ये येईल. तोवर कोणी पाने उलटू नयेत.

कलम १. घर डब्यांच्या कमाईतून उभे राहिले व माझ्या नावावर आहे. ते मुलगा अभय आणि सून सोनिया यांना निम्मे-निम्मे. स्वयंपाकघरामागची खोली मात्र, आतल्या लोखंडी पलंगासह, कपाटासह, पंख्यासह आणि पाय शेकायच्या घमेल्यासह, एकट्या सोनियाची. ती हयात असेपर्यंत कोणी तिची भिंत पाडू नये. अभय, तू म्हणतोस, "आई, भिंत काढली की कणकेचं मशीन बसतंय." मशीन ओसरीवर बसव. तुझी मोटारसायकल तिथे बसते, मशीनही बसेल.

कलम २. खुलासा. अकरा वर्षांपूर्वी चैत्रात मी भाकरी थापताना चक्कर येऊन पडले. यजमानांनी आधी गॅस बंद केला, मग मला उचलले, ते बरोबरच केले. दवाखान्यात सलाईन लावल्यावर डॉक्टरांनी विचारले, शेवटचे बसून कधी जेवलात? मला आठवेना. आमच्यात रांधणारी सगळ्यांच्या शेवटी जेवते, आणि माझ्या घरात शेवट कधी येतच नसे. साठ डबे चिकलठाण्याच्या कारखान्यांत जायचे, दुपारी दोनला ते घासायला परत यायचे आणि चारला संध्याकाळची कणीक. डॉक्टर म्हणाले, "आजार काही नाही, पण वेळेवर खा आणि दुपारी पडत जा." यजमानांनी त्यातले पहिले तीन शब्द ऐकले आणि मला घरी आणले.

तिसऱ्या दिवशी मी दुपारी आडवी झाले, तर धाकटे दीर पुंडलिक दारात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "भर दुपारी पडायला वहिनी काय बाळंतीण हाय का?" मी उठले आणि डबे घासले. घासतानाच ठरवले की आता कागद आणायचा, कारण या घरात बाईपेक्षा कागदाचे जास्त ऐकतात.

शेजारच्या वहिदाचे यजमान कमरोद्दीनभाई तेव्हा कंपाउंडर होते. मी त्यांना दोन तासांची चिठ्ठी मागितली. ते म्हणाले, "भाभी, बीमारी क्या लिखू?" मी म्हटले, बीमारी नाहीच. "तो वहीच लिखता," म्हणाले आणि लिहून दिले. ती चिठ्ठी मी डॉक्टरांची म्हणून देवघराशेजारी चिकटवली आणि त्या दिवसापासून दोन ते चार मागच्या खोलीला आतून कडी लावली.

एक चूक झाली. बाई दिवसा पडते म्हणजे दुखणे मोठे, असे समजून गल्लीतल्या बायका केळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन भेटायला येऊ लागल्या, नेमक्या दोन ते चार. पंधरा दिवस मी आजारी म्हणून उठून सगळ्यांना चहा करत होते. मग कमरोद्दीनभाईंकडून एक ओळ वाढवून आणली, की भेटायला येऊ नये. डबे चारपर्यंत ओट्यावर तसेच पडून राहायचे. त्यांना काही झाले नाही.

दर तीन महिन्यांनी तपासणीला जाते म्हणून मी घरातून निघायची, तीसुद्धा तपासणी नव्हती. मी आणि वहिदा बसने दौलताबादला जाऊन किल्ल्याखाली झाडाच्या सावलीत मीठ लावून पेरू खात होतो. घरी आल्यावर यजमान विचारायचे, काय निघालं? मी सांगायची, सगळं चांगलं आहे. ते खरेच होते.

कलम ३. हे आज का सांगते. डबे आता सोनिया चालवते. गेल्या महिन्यात ती ओट्याला टेकून, उभ्यानेच, कढईतली उरलेली भाजी भाकरीने पुसून खात होती. पाय सुजले होते. मी म्हटले, जा, माझ्या खोलीत घटकाभर पड. ती म्हणाली, "मला कुठं काय झालंय आत्या पडायला? तुमची गोष्ट येगळी. तुमच्याकडं कागद हाय."

मी माझी सुटका करून घेतली आणि या पोरीला शिकवले काय, तर आजारी पडल्याशिवाय बाईला आडवे होता येत नाही. त्याची मला लाज वाटते. दोन तास घेतल्याची वाटत नाही. ते मी पुन्हा घेईन.

कलम ४. बँकेतली ठेव सोनियाची. ती घरावर, धंद्यावर किंवा कोणाच्या लग्नावर खर्च करू नये. तिने आपली दोन वर्षे दुखणारी दाढ आधी दाखवावी. पुढे तिला वाटेल ते करावे आणि तिला कोणी हिशेब विचारू नये.

कलम ५. पुंडलिकभाऊजींनी एकदा पाहुणे आले म्हणून माझे दार धडका मारून उघडले आणि कडी उखडली. नवी बसवून घेतली, पण ती वाकडी कडी मी जपून ठेवली आहे. ती त्यांना द्यावी. मी त्यांना माफ केलेले नाही. मरताना सगळ्यांना माफ करून जायची रीत मला मान्य नाही.

कलम ६. माझ्या तेराव्याची पहिली पंगत रांधणाऱ्या बायकांची. त्या बसून जेवतील, गरम जेवतील, आणि पुरुष वाढतील. पुंडलिकभाऊजींनी वरण वाढावे.

कलम ७. वहिदाला काही देता येत नाही, कारण ती साक्षीदार आहे असे वकील म्हणतात. पेरूचा चाकू मात्र मी तिला आधीच देऊन टाकला आहे.

कलम ८. ती चिठ्ठी सोबत जोडली आहे. अकरा वर्षे सगळ्यांनी तिच्यातली वेळ वाचली, वरची ओळ कोणी वाचली नाही. आज जेवणे झाल्यावर मी ती सोनियाला वाचून दाखवली: "आजार: नाही. दुपारी दोन ते चार आडवे पडणे. रोज. भेटायला येऊ नये."

ती म्हणाली, "म्हंजी आत्या, तुम्हाला कायच नव्हतं?"

"कायच नव्हतं," मी म्हटले.

तिने हातातला घासायचा डबा ओट्यावर ठेवला. मग हात धुतले, पदराला पुसले आणि मागच्या खोलीत गेली. आतून कडी लावल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही: मनकर्णाबाई दांडगे

साक्षीदार:
१. कमरोद्दीन शेख, निवृत्त कंपाउंडर, मुकुंदवाडी
२. वहिदा कमरोद्दीन शेख, मुकुंदवाडी

ठिकाण: मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५
वेळ: दुपारी चार वाजून दहा मिनिटे. साक्षीदार अडीचलाच आले होते. डब्यांच्या धंद्याचा शिक्का आणि शाई मागच्या खोलीतल्या कपाटात होती आणि आत सोनिया झोपली होती, म्हणून सगळे ओसरीवर थांबलो. चहा अभयने केला.