रेल्वेला अडवणारं झाड

३ एप्रिल
रेल्वेवाल्यांचा लिफाफा आला. आत नकाशा, आमच्या पामडेल गावात होऊ घातलेल्या बुलेट ट्रेन स्टेशनचा. एक निळी रेघ थेट आमच्या मागच्या कुंपणाला चिकटून. म्हणजे घर जाणार. एकतीस वर्षांचं घर. मी घाबरलेलो नाही. हात थरथरताहेत ते कॉफीमुळे. (कॉफी कालच संपली, असं बायकोनं, नोरीननं, आत्ता सांगितलं.)

४ एप्रिल
झोप नाही. डोळा लागला की गाडी स्वयंपाकघरातून जाते. नोरीन म्हणाली, अरे हार्लन, नकाशा नीट वाचलास तरी का? म्हटलं, विमानाच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं नकाशेच वाचले. म्हणाली, वाचतोस कसला, पत्र्यावरचे रिव्हेट मोजत होतास. दुर्लक्ष केलं.

६ एप्रिल
नगरपालिकेची सभा. नावाची चिठ्ठी दिली की दोन मिनिटं बोलायला मिळतात. भाषण तोंडपाठ. नाव पुकारलं, उभा राहिलो. पार्किंगची सोय चांगली आहे, एवढंच म्हणून खाली बसलो. एकानं टाळी वाजवली. वातावरण अनुकूल आहे. बाहेर शेजारीण ओफेलिया बारागान म्हणाली, काय हादरवलंस रे बाबा त्यांना!

९ एप्रिल
ओफेलियाला अंगणातलं जोशुआचं झाड काढून तिथं गाडी लावायचीय. परवानगी मिळेना; वाळवंटातलं हे झाड कायद्यानं संरक्षित. करवादली, मेल्या त्या काट्यांना नुसता हात लावला तरी सरकार दारात उभं! डोक्यात लख्ख उजेड पडला. अंगणात जोशुआ असेल तर रेल्वे तरी कशी येईल? आमच्याकडे नाही. आणू.

११ एप्रिल, सकाळी ६
पूर्वेच्या माळावरून एक उपटून आणलं. छातीएवढं. पिकअप नोरीननं चालवली. वाटेत पोलिसांची गाडी दिसली तेव्हा मी वाकून बुटाची नाडी बांधली. चार मैल बांधत होतो. संकल्प: आजपासून भिणं बंद.

१६ एप्रिल
वाऱ्यानं झाड कललं. कपड्यांच्या दोरीनं कुंपणाला बांधलं. पानं पिवळी पडताहेत. ऋतूचा परिणाम. दारापुढे गाडी थांबली की मी न्हाणीघरात जाऊन बसतो. पोट बिघडलंय, बाकी काही नाही. नोरीन म्हणाली, जिथून आणलंस तिथं लावून ये मुकाट्यानं. ऐन लढाईत?

२० एप्रिल
रेल्वेच्या कचेरीत स्वतः फोन केला. ठणकावून सांगितलं, अंगणात शंभर वर्षांचं जोशुआ आहे, या आणि बघा. पलीकडची बाई म्हणाली, कळवल्याबद्दल आभारी आहोत, नक्की येऊ. आवाजावरून टरकलेली वाटली.

२४ एप्रिल, दुपार
रेल्वेकडून झाडांच्या तज्ज्ञ आल्या, यामासाकी नावाच्या. टेप लावली, दोरी पाहिली, ताजी माती चिमटीत घेतली. विचारलं, कधीपासून आहे हे? म्हटलं, आजोबांच्या काळापासून. नोरीन म्हणाली, तुझे आजोबा ओहायो राज्याच्या बाहेर कधी पडले?
मी नकाशा पुढे केला, निळी रेघ दाखवली. बाई म्हणाल्या, अहो, हा पाण्याचा कालवा. तुमच्या मागनंच वाहतोय की! कुंपणावरून वाकून पाहिलं. वाहत होता. दर रविवारी मी तिथंच गळ टाकून बसतो. रेल्वेची रेघ काळी, तीन मैलांवर.
घर वाचलं! मी मोठ्यानं हसलो. बाई हसल्या नाहीत. त्या लिहीत होत्या.

२ मे
झाड मेलं. टपालानं कागद आला, परवानगीविना जोशुआ उपटल्याबद्दल. तीनदा वाचला, या वेळी नीट.
स्टेशन कधी होणार, असं मी त्या बाईंना जाताना विचारलं होतं. म्हणाल्या, तारीख अजून कुणालाच ठाऊक नाही. माझी पक्की आहे. अठ्ठावीस मे, सकाळी साडेआठ, कोर्ट. नोरीन म्हणाली, येते मी बरोबर. बरं झालं. मला फार भीती वाटते.