आप्पासाहेबांचे वजन

सोमवार, २ डिसेंबर १९७४. सकाळी सव्वासहा.

गुऱ्हाळाच्या पडवीत मुंबईचा नकाशा पातळ कागदावर उतरवत होतो. समुद्रात पेन्सिलीने फुली केली, तोच मागे आप्पासाहेब.

"हीच का ती तेलाची हीर?"

"होय मालक. किनाऱ्यापासून शंभर मैल आत."

"आपन श्रीगोंद्यात सात हिरी खांदल्या, पानी न्हाई. ह्यांनी समुद्रात खांदली अन् तेल लागलं! बघायलाच पायजे."

विमान पुण्याचे, भाड्याचे, लहान. परवानगी आली आहे — विहिरीच्या लोखंडी माचापासून दोन मैल लांबून एक फेरी, मग मागे. सगळी पत्रे मीच लिहिली म्हणून मालक म्हणाले, "मागच्या शीटवर तू बस, कानिफनाथ." मी! सातवी नापास!

४ डिसेंबर

आईने साऱ्या आळीला सांगितले. सांगू नको म्हटले होते.

५ डिसेंबर

वैमानिक नूरुद्दीन साहेबांचे पत्र. जुहूला टाकी काठोकाठ भरावी लागेल, म्हणून दोन प्रवासी मिळून दीडशे किलोंच्या आत हवेत. खरी वजने कळवा.

माझे अठ्ठावन्न. रेशनच्या दुकानात दोनदा करून घेतले. पण मालकांना कोण विचारणार? नगरच्या डॉक्टरांनी काट्यावर उभे राहा म्हटले, तर उठून आले होते. "मी काय पोतं हाय?"

दुपारी युक्ती सुचली. प्रवासाआधी मालकांची गूळतुला करायची, गूळ शाळेतल्या पोरांना वाटायचा. त्यात मान आहे. भीत भीत बोललो. मालक एकदम खूश! "डोकं हाय तुला." दिवसभर मलाही तसेच वाटत होते.

रविवार, ८ डिसेंबर

लिंबाच्या फांदीला मोठा तराजू टांगला. एका पारड्यात पाट, पाटावर मालक, नवा फेटा. मालकीणबाई पुष्पावतीबाईंनी ओवाळले. गुळव्या भीमा दुसऱ्या पारड्यात दहा-दहा किलोंच्या ढेपा चढवत होता, मी मोजत होतो. आठ झाल्या. मालक जमिनीवरच. नऊ. माझे धरून आता दोनच किलो उरले. दहा झाल्या तरी पारडे उचलेना. वर चार किलो फोडलेला गूळ टाकला तेव्हा कुठे काटा सरळ झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एकशे चार. मी धरून एकशे बासष्ट.

"किती भरलो रे?"

"चौऱ्याऐंशी," मी म्हणालो. तोंडातून आपोआप आले — असे लिहिणार होतो. आपोआप नाही. आधी मनात वजाबाकी केली होती.

"बघा! आजून गडी हलका हाय!" मालक हसले. भीमा माझ्या कानाशी आला, "लई पोचलेला हायेस. मालकाला बारीक केलंस!" त्याला ती खुशामत वाटली. तेवढीच असती तर!

९ डिसेंबर

पत्र टाकले. आप्पासाहेब ८४, कानिफनाथ ५८. अक्षर नेहमीपेक्षा चांगले आले.

१२ डिसेंबर

आईने मला विमानात घालायला शर्ट शिवायला टाकला. माप द्यायला गेलो नाही.

शनिवार, १४ डिसेंबर

विमान माळावर उतरले. सारा गाव लोटला. नूरुद्दीन साहेबांनी मला हाक मारून बोलावले, पाठीवर थाप दिली. "तूच का तो? लोक वजन अंदाजे कळवतात. तुझं पत्र बघून वाटलं, हा माणूस चुकायचा नाही."

रविवार, १५ डिसेंबर

पहाटेच माळावर गेलो. साहेब चाकांची हवा बघत होते. विचारले, "वजन जास्त निघालं तर काय होतं?"

"जड विमान पेट्रोल जास्त पितं. इथं कमी पडलं तर रानात उतरता येतं. समुद्रावर कुठं उतरणार?"

मग सांगितले. "मालक चौऱ्याऐंशी नाहीत. एकशे चार आहेत."

ते ओरडले नाहीत. म्हणाले, "काटा चुकला असेल."

होय म्हटले असते तर मिटले असते!

"नाही. मी खोटं लिहिलं."

"का?"

मी मागच्या शीटकडे पाहिले. त्यांना कळले.

"तिघांना बुडवायला निघाला होतास, शहाण्या. त्यात तू पण. मालकांना मी सांगत नाही. पण तू येणार नाहीस." हात फडक्याला पुसले, पुसतच राहिले. माझ्याकडे परत बघितले नाही.

मालक आले तेव्हा साहेब एवढेच बोलले, "पेट्रोलचा हिशेब बदलला. हलकं माणूस असेल तरच न्यायचं. पंचेचाळीसच्या आतलं."

आई भाकरीचे फडके घेऊन जीपजवळ उभी होती.

"मग लंकाबाई हायेत की!" मालक आईकडे बघून म्हणाले. "फुकलं तर उडतील!"

"मी? अगं बाई! पाय कुटं ठिवायचं त्यात?"

रेशनच्या दुकानातला काटा आणवला. एक्केचाळीस. आई माझ्याकडे बघत होती, जाऊ का म्हणून. मी होकाराची मान हलवली. तिने चपला काढल्या, विमानाच्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत बसली.

धूळ खाली बसेपर्यंत उभा होतो.

१६ डिसेंबर

सुखरूप आले. पाण्यात पाय रोवून उभे घर, वर माणसे हिंडतात, म्हणे. माणसांनी हात केला, असेही आई म्हणते. दोन मैलांवरून!

१७ डिसेंबर

आई दारोदार सांगत फिरते आहे. "जागा त्याची हुती. येनवेळी मला दिली. असा ल्योक कुनाचा हाय?" बायका मला बघायला येतात. मी मान खाली घालतो. त्यांना तेही आवडते.