सीटवरचं प्लॅस्टिक

रविवार संध्याकाळ, आष्टी

दाजींची गाडी आज विकली. नवी घेतली तेव्हापासून सीटवरचं प्लॅस्टिक त्यांनी कुणाला काढू दिलं नव्हतं. उन्हाळ्यात पाठ चिकटायची, ताई दर वेळी कुरकुरायची. दाजींचं उत्तर ठरलेलं, "विकताना भाव येतो."

गाडी शोरूमबाहेर पडली की भाव उतरायला लागतो, हे मी किती वेळा सांगितलं. प्लॅस्टिक त्याला काय अडवणार? तशी ती गाडी मला दिसायला कधी आवडलीच नाही. पुढं नुसती जाळीच जाळी. बनवणाऱ्यानं जीव ओतला होता तो सीटमध्ये, आणि तीच झाकलेली. जाऊ दे.

गिऱ्हाईक नांदूरघाटचं. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिन ऐकलं, टायर पाहिले. सीटकडे ढुंकूनही बघितलं नाही. भाव आला तो बाजारात चालतो तेवढाच. किल्ली हातात पडल्यावर मात्र त्यानं पहिल्यांदा काय केलं, तर ते प्लॅस्टिक टराटरा फाडून बाहेर टाकलं.

दाजी बघत राहिले. तो आत बसायच्या आधी त्यांनी वाकून ड्रायव्हरच्या सीटवरून हात फिरवला.

"लई मऊ हाय की रे," मला म्हणाले.