अडलेली गाय आणि माझं लायसन्स

तीर्थरूप काका,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही शाबूत आहेत, हे आधीच सांगते, कारण पुढची बातमी वाचून तुम्ही पहिल्यांदा तेच विचाराल.) तुमचा गुडघा काय म्हणतो? काकूंना सांगा, त्यांनी माझ्यासाठी विणलेला स्वेटर ह्यांना इतका चपखल बसला आहे की ते तो अंगावरून उतरवायला तयार नाहीत. बाकी इकडे सगळे ठणठणीत.

पत्रास कारण की, मला गाडी चालवायचं लायसन्स मिळालं. चष्मा पुसून पुन्हा वाचलंत तरी तेच लिहिलेलं आहे.

दवाखाना माझ्या स्वाधीन करताना तुम्ही जनावरांवर चालणारा हातही दिलात आणि तुमची जुनी गाडीही. हात मी घेतला, गाडी तुमच्या जावयांच्या गळ्यात पडली. शाळा सुटली की त्यांनी मला गोठ्यागोठ्यावर न्यायचं, मी आत गायी तपासायच्या आणि त्यांनी बाहेर गाडीत बसून गणिताचे पेपर तपासायचे, असा आमचा संसार. मी दर वर्षी म्हणायचे, यंदा शिकतेच. पण फोन वाजायचा आणि शिकणं पुढे ढकललं जायचं. फोन तरी कसले? निवृत्त न्यायाधीशांचा पोपट बोलत नाही. (घरात न्यायाधीश बोलत असताना तो बोलणार कधी?) बँकेच्या मॅनेजरबाईंचा कुत्रा डॉक्टर समोर बसल्याशिवाय जेवत नाही. मी जायचे, बसायचे, तो जेवायचा.

अशात आमच्या नणंदबाई राहायला आल्या. त्यांच्या ऑफिसने त्यांना वेळेचं नियोजन शिकायला पाठवलं होतं, आणि शिकलेलं कुणावर तरी काढायचं होतं. एक दिवस त्या दवाखान्यात बाकावर बसून माझी धावपळ बघत राहिल्या आणि संध्याकाळी म्हणाल्या, वहिनी, जे ओरडतं ते महत्त्वाचं असतंच असं नाही. मला हसू आलं, कारण माझ्या पेशंटांचं कामच ओरडणं. पण हसता हसता तुमचा पहिला धडा आठवला. ओरडणारं जनावर थांबू शकतं, गप्प पडलेल्याकडे आधी जायचं. गोठ्यात मी तो रोज पाळते. घरात कधी पाळला नव्हता.

मग घरात कोण गप्प आहे ते बघितलं. कुकर नाही, फोन नाही, नणंदबाई तर नाहीतच. गप्प होते ते हे. लग्नाआधी दर शनिवारी बुद्धिबळ खेळायला क्लबात जायचे, तो पट आता कपाटावर धूळ खात होता आणि ह्यांनी कधी एका शब्दाने कुरकुर केली नव्हती. इतकं बिनतक्रार जनावर दवाखान्यात आलं असतं तर मी लगेच ताप बघितला असता.

झालं. आधी लायसन्स, बाकी सगळं नंतर. सकाळचा तासभर दवाखाना बंद, फोन मदतनीस बाईंकडे. (त्यांनी न्यायाधीशांना पोपटाचंही ऐकून घ्या असं सुनावलं, तेव्हापासून तिकडून फोन नाही.) घरात हाच नियम मी जरा जोरातच लावला. इस्त्री बिनमहत्त्वाची ठरवली, तर हे आठवडाभर चुरगळलेल्या शर्टात शाळेत गेले. नणंदबाई परत गेल्यावर त्यांचे फोनही त्याच खात्यात टाकले, तर त्या भांडायला जातीने आल्या. गाडी शिकवणारे गृहस्थ शांत होते, पण मी ब्रेक दाबताना गाडीला 'हो, हो, शहाणी ती' म्हणायचे, त्याने ते अस्वस्थ व्हायचे.

परीक्षेच्या दिवशी मी तुमच्या जुन्या गाडीत बसून आरसा नीट करत होते. शेजारी परीक्षक. माणूस असा की हसला तर दंड होईल. तेवढ्यात मदतनीस बाई धापा टाकत आल्या. पुलापलीकडच्या डेअरीतली गाय पहाटेपासून अडली होती, आणि आता ती ओरडायचीही थांबली होती.

काका, गप्प पडलेल्याकडे आधी जायचं. हे वर्गावर होते. मी परीक्षकांना म्हटलं, परीक्षा राहू द्या, मला पुलापलीकडे सोडणारं कुणीतरी बघून द्या. त्यांनी पट्टा लावला आणि समोर बघत म्हणाले, "तुम्हाला गाडी चालवून दाखवायची आहे ना? मग चालवा. कोणत्या रस्त्याने, ते नियमात नाही."

चालवली. बाजारामागच्या बोळातून, अरुंद पुलावरून, समोरून आलेल्या ट्रकला हात दाखवून थांबवत. ओसाड माळावरही मी सिग्नल देत होते. परीक्षक त्यांच्या बाजूला नसलेला ब्रेक सारखा दाबत होते.

गाय आडवी पडलेली. वासराचा एक पुढचा पाय दुमडून मागे अडकला होता. खांद्यापर्यंत हात घालून मी त्याला हळूच मागे ढकललं, खूर मुठीत धरून पाय पुढे आणला आणि दोऱ्या बांधल्या. ओढायला डेअरीच्या मालकीणबाई एकट्या पुरेनात, म्हणून परीक्षकांनी बाह्या सरसावल्या. गाय कळ देईल तेव्हाच ओढा, हे त्यांना एकदाच सांगावं लागलं. वासरू आलं ते निपचित. मी नाकात गवताची काडी फिरवली, छाती चोळली, पुन्हा काडी फिरवली. आणि ते शिंकलं, थेट परीक्षकांच्या पँटवर. गायीने मान वळवून त्याला चाटायला घेतलं. परीक्षक उलट्या बादलीवर बसले आणि तिथेच कागद मांडीवर घेऊन सही केली. म्हणाले, "पास. गिअर बदलताना आवाज जरा कमी करा." परत आम्ही दुधाच्या टेम्पोतून आलो. (गाडीचं खाली लिहिते.)

त्या संध्याकाळी ह्यांनी स्टुलावर चढून पट खाली काढला, तोही स्वेटरच्या बाहीने पुसत. आज ते दुसऱ्या गावी स्पर्धेला गेले आहेत. निघताना पिशवी झुलवत असे गेले की मी खिडकीतून बघतच राहिले. तिथे एकही फोन करायचा नाही, असं मी स्वतःला बजावलं आहे.

काकूंना नमस्कार. तुम्हाला भरपूर आनंद व्हावा.

तुमची, आता स्वतःच्या चाकांवर उभी असलेली,
पुतणी

ता. क. : घाईत मी गाडी भिंत आणि गव्हाणीच्या मधल्या फटीत सरळ आत घातली होती. त्या गडबडीत रिव्हर्स घेऊन दाखवा म्हणायचं परीक्षकांना सुचलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही. गाडी अजून तिथेच आहे. काल प्रयत्न केला, तर गाडीऐवजी फाटकाचा खांब हलला. रविवारी येऊन ती मागे काढून द्याल का? कुणी विचारलं तर वासरू बघायला आलो म्हणा.

आणखी एक : ह्यांना सांगू नका. गाडी चांगल्या जागी आहे, एवढंच त्यांना माहीत आहे. ते खोटं नाही. टपावर कोंबड्या बसतात, त्याही समाधानी आहेत.

शेवटचं : परीक्षक आज वासराला भेटायला आले होते. त्याचा कान खाजवून झाल्यावर त्या फटीत जाऊन उभे राहिले. दोन्ही बाजूंना हात घालून बघितला, कुठे घुसेना. मग मला म्हणाले, "पार्किंग मात्र अप्रतिम."