काय कार्य आहे?

नाना, तुम्हाला जाऊन सोळा-सतरा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. वय वाढलं की राग निवतो असं सगळे म्हणतात. माझा निवला नाही. परवा एका कॉलेजात मला बोलावलं होतं, ऑनलाइन धंद्यात गिऱ्हाइकांची माहिती कशी वापरायची यावर चार शब्द सांगायला. एका मुलीनं विचारलं, मॅडम, तुम्ही हे कुठे शिकलात? मी म्हटलं, चुकत चुकत. टाळ्या पडल्या. परत येताना रिक्षात बसले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. चुकत चुकत का शिकावं लागलं मला? शिकवणारा माणूस, माझा बाप, तर घरातच होता, रोज माझ्यासमोर पाटावर बसून जेवत होता.

मी सहावीत आहे. शाळा सुटली की घरी न जाता भांडी बाजारातल्या आपल्या दुकानात येते, दप्तर गादीमागे सरकवते आणि फडकं घेऊन पळ्या पुसायला बसते. चांदवडकडचं एक जोडपं पायरी चढतं. तुम्ही भाव सांगत नाही, भांडंही दाखवत नाही. आधी म्हणता, "बसा. काय कार्य आहे?" बाई म्हणते, "पोरीचं लगीन हाय." लगेच तुमचा हात हंड्या-कळश्यांच्या फळीकडे जातो. कोणी वास्तुशांत म्हटलं की दुसरी फळी, मुंज म्हटलं की तिसरी. नुसता तांब्या मागायला आलेला माणूस ताम्हण, पळी, पंचपात्र, समई असं सगळं घेऊन समाधानानं जायचा. मला तो तुमचा भोचकपणा वाटायचा. लोकांना भांडं हवंय ना, द्या की. त्यांच्या घरात काय चाललंय त्याच्याशी आपल्याला काय करायचंय? निघणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही "या पुन्हा" म्हणायचात. ते मात्र मला फार आवडायचं, म्हणून मीही म्हणायला लागले होते.

मग तो माणूस आला. डोक्याचं मुंडण केलेलं, खांद्यावर ओला पंचा, सरळ गंगेवरून, घाटावरचे विधी उरकून आलेला. त्याला तुम्ही काहीच विचारलं नाही. आपणहून तांब्या आणि फुलपात्र काढलंत, रंगीत कागद बाजूला ठेवून साध्या वर्तमानपत्रात गुंडाळलंत, त्यानं दिले ते पैसे घेतलेत. तो पायरी उतरत होता आणि मी, शहाणी, मोठ्यांदा म्हणाले, "काका, या हं पुन्हा!" तो जागच्या जागी थांबला. पुढचं मला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. भर बाजारात, समोरच्या दुकानातले सगळे बघत असताना तुम्ही माझ्या कानाखाली वाजवलीत. "अक्कल आहे का? उद्यापासून दुकानाची पायरी चढायची नाही." झालं. एवढंच माझं दुकानदारीचं शिक्षण. घरी आईला विचारलं तर ती तव्यावरची पोळी उलटत म्हणाली, "त्या माणसांना असं म्हणत नाहीत गं." का म्हणत नाहीत? "मोठी झालीस की कळेल." दुसऱ्या दिवसापासून माझ्या जागेवर दादा बसायला लागला. त्याला समई आणि निरांजन यांतला फरक कळत नव्हता, आणि दुपारी तो गादीवर चक्क घोरायचा. त्याला तुम्ही कधी पायरी उतरवलं नाहीत.

मी बी.कॉम. केलं, कॉम्प्युटरचा क्लास केला, सातपूरच्या एका कंपनीत नोकरीला लागले. तिथे कोणता माल किती दिवसांत हलतो हे रोज कॉम्प्युटरवर दिसायचं आणि मला सारखं आपलं दुकान आठवायचं. आपल्याकडे दोन मोठी घंगाळं आणि एक बंब होता. दर गुरुवारी चिंच लावून तुम्ही ते चकचकीत करून घेत होतात आणि वर्षानुवर्षं त्यांना गिऱ्हाईक नव्हतं. तीन महिने मी ऑफिस सुटल्यावर भांडी बाजारात उभी राहिले. कोण काय घेऊन बाहेर पडतं, एकटा आहे की कुटुंब आहे, बाहेरगावचा आहे का, काय न मिळाल्यानं हात हलवत गेला, सगळं लिहिलं. तुमच्यापुढे तो कागद ठेवला आणि म्हटलं, आपण भांड्यांचे फोटो इंटरनेटवर टाकू, पुण्या-बंगलोरची माणसं घरबसल्या मागवतील. तुम्ही म्हणालात, "भांडं हातात घेऊन वाजवून बघतात लोक. फोटो वाजतो का?" दादा खो खो हसला. तेवढ्यात कोणी पळी मागितली, आणि तुम्ही ती माझ्या त्या कागदात गुंडाळून दिलीत. मुद्दाम नाही, मला माहीत आहे. तुम्हाला तो कागद रद्दी वाटला. मुद्दाम केलं असतंत तर मला इतकं लागलं नसतं.

मी नोकरी सोडली. ज्या तांबटांकडून तुम्ही माल घ्यायचात त्यांच्याचकडून उचलला, एक लहान गाळा भाड्यानं घेतला, एका ओळखीच्या पोराकडून साइट करून घेतली. कोणतं पान लोक किती वेळ बघतात, कशाबरोबर काय घेतात, कुठे येऊन सोडून जातात, हे मी रोज सकाळी चहा पिताना वाचायचे. ज्याला उठाव नाही ते ठेवायचं नाही. माझ्याकडे घंगाळ नव्हतं, नाना. तरीही हातात काही उरत नव्हतं. माणूस एकदा घ्यायचा आणि गायब व्हायचा. म्हणून मी एक मेल लावून दिला, पार्सल पोचलं की आपोआप जाणारा: अभिनंदन, तुमच्या घरातल्या मंगलप्रसंगी सहभागी होता आलं, लवकरच पुन्हा या, पुढच्या खरेदीवर सूट.

एके दिवशी पुण्याहून फोन आला. म्हातारा, हळू आवाज. "बाई, तुमच्याकडून दानाची भांडी मागवली होती. माझी बायको गेली. तुम्ही अभिनंदन केलंत. आणि लिहिलंय, लवकरच पुन्हा या." मग म्हणाला, "आता कोणासाठी येऊ?" मी नुसती माफी मागत राहिले. त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. गिऱ्हाइकाचा पिनकोड मी विचारत होते, मोबाइल विचारत होते, वाढदिवससुद्धा विचारत होते. तुम्ही पायरीवरच्या प्रत्येकाला जे पहिलं विचारायचात तेवढंच मी विचारलं नव्हतं.

मी त्याच संध्याकाळी तुमच्याकडे आले. दुकान तेव्हा दादानं मोबाइलच्या कव्हरवाल्याला देऊन टाकलं होतं, तुम्ही घरात खिडकीपाशी बसून असायचात. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता तरी हा माणूस पाठीवर हात ठेवेल. तुम्ही बाहेर बघत म्हणालात, "तुला सहावीतच सांगितलं होतं." सांगितलं नव्हतं, नाना. मारलं होतंत. सांगणं वेगळं असतं. सांगायचं असतं की बाळ, आपल्याकडे निम्मी माणसं आनंदात येतात आणि निम्मी दुःखात, आणि तांब्या दोघांनाही एकच लागतो, म्हणून आधी विचारायचं. आणि ज्याच्याकडे बघून कळतं त्याला विचारायचंसुद्धा नाही. एवढी दोन वाक्यं. तुम्हाला ती येत होती. मुलीला कशाला सांगायची, म्हणून तुम्ही ती गिळून टाकलीत, आणि मुलाला सांगूनही ती त्याच्या डोक्यात शिरली नाहीत. हे मी आयुष्यभर माफ करणार नाही, आणि करावंसं वाटतही नाही.

मी साइटवर सगळ्यात वर प्रश्न टाकला: काय कार्य आहे? लग्न, मुंज, वास्तुशांत, सत्यनारायण, आणि शेवटी दिवस, म्हणजे दहावं-तेरावं. त्या एका प्रश्नानं धंदा उभा राहिला. मुंज म्हणणाऱ्याला मुंजीचं सगळं एकत्र दिसायला लागलं आणि लोक तांब्यासाठी येऊन पूर्ण संच नेऊ लागले. 'दिवस' म्हणणाऱ्याला ना अभिनंदन, ना सूट, ना रंगीत कागद. पण आकडे सगळंच दाखवतात, ते लाजत नाहीत. साधारण वर्षानं त्यातली कितीतरी माणसं आपणहून परत येत होती. वर्षश्राद्धालाही दानाची भांडी लागतात. म्हणून त्यांना मी अकरा महिन्यांनी दोन ओळींचा एक मेल लावून दिला: वर्षश्राद्ध जवळ आलं असेल, काही लागल्यास कळवा. तुम्हाला हे आवडलं नसतं. 'मेल्या माणसाचाही धंदा' असं काहीतरी तुम्ही म्हणाला असतात. पण त्या मेलला उत्तर म्हणून कितीजणांनी आभार मानले ते बघायला तुम्ही नव्हतात.

कारण तो मेल लावला त्याच वर्षी मार्गशीर्षात तुम्ही गेलात. तुमच्या दिवसांना लागणारी भांडी मी माझ्याच साइटवरून मागवली. गाळ्यातून नुसती उचलून आणता आली असती, पण शिस्त ती शिस्त, मी रीतसर ऑर्डर टाकली, सगळी माहिती भरली. तुमची शिस्त ती. मला त्याचाही राग आहे.

हे कागद कुठे जाणार नाहीत, म्हणून एक लिहून टाकते. पुढच्या वर्षी, दिवाळीची गर्दी ओसरत असताना, सकाळी चहा पिताना मला तो दोन ओळींचा मेल आला. मी तो दोनदा वाचला, कोणाच्या वर्षश्राद्धाचा आहे ते कळायला. मग दादाला फोन करून तिथी सांगितली, गुरुजी ठरवायला लावले. तो म्हणाला, "तुझ्या बरं लक्षात राहतं गं. माझ्या डोक्यातनं पार गेलं होतं." मी म्हटलं, "कोणीतरी लक्षात ठेवायलाच हवं." माझ्याही लक्षात नव्हतं, नाना. रागामुळे नाही. रागानं मुद्दाम टाळलं असतं तर आज तसं ताठ मानेनं लिहिलं असतं. मी नुसती विसरले होते.