चौदा पेरांचा बांबू

॥ श्री ॥
गुहागर, ता. ४ जानेवारी १९६५

चि. रघुनाथ यास, आक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. सौ. प्रमिलेलाही सांगावेत.

तू तिसऱ्यांदा तेच लिहितोस, म्हणून तिसऱ्यांदा तेच उत्तर. मी सिल्वाशाला राहायला येणार नाही. खांदा दुखतो हे खरं. डॉक्टरांनी जड उचलू नका म्हणून बजावलंय हेही खरं. तुला हे कुणी कळवलं तेही ठाऊक आहे मला. शेजारच्या विजयाच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण म्हणून घराला कुलूप लावून भावाच्या दारात जाऊन बसायचं? आजवर कुणावर माझा भार पडू दिला नाही, तो सत्तेचाळिसाव्या वर्षी कशाला?

झऱ्यावरून आता अर्धीच कळशी आणते. खेपा वाढतात, एवढंच. पाय अजून धड आहेत.

तू शाळेत पोरांवर फार डाफरतोस असं प्रमिला लिहिते. सतराचा पाढा तुला वयाच्या अकराव्या वर्षीही येत नव्हता, हे तुझ्या हेडमास्तरांना कळवू का?

प्रकृतीस जपावं. कुळथाचं पीठ पाठवते आहे.

तुझी,
आक्का

॥ श्री ॥
सिल्वासा, ता. १९ जानेवारी १९६५

ती. आक्कास, रघुनाथचा शिरसाष्टांग नमस्कार.

पीठ पोचलं. पिठल्यावर इथल्या गुजराती शेजाऱ्यांनीही ताव मारला. आता मुद्द्याचं लिहितो, आणि ते लिहिताना मला लाज वाटते आहे.

गेल्या आठवड्यात नववीला बलाचा धडा चालू होता. दार बिजागरीजवळ ढकललं तर हलत नाही, कडेला ढकललं तर एका बोटाने उघडतं. म्हणजे नुसता जोर पुरत नाही, तो किती अंतरावरून लावला यालाही मोल असतं. जोर आणि अंतर यांच्या गुणाकाराला पुस्तकात परिबल म्हणतात. पोरांना ते कळेना. आमच्या शाळेत सामान म्हणाल तर दोन तानकाटे आणि एक फुटका लोलक. मग मला आठवलं, आपण दोघं बांबूला मधोमध हंडा अडकवून झऱ्यावरून पाणी आणायचो. खानवेलहून बसच्या टपावर टाकून एक लांब बांबू आणला. मास्तर मांडव घालताय काय, म्हणून कंडक्टरने विचारलं.

आपण करायचो तसंच केलं. सात पेरं या बाजूला, सात त्या बाजूला, मधल्या सांध्यावर पाण्याची बादली. सारख्या उंचीच्या दोन मुली दोन टोकांना. वर्गाला ऐटीत सांगितलं की बादली बरोबर मध्ये आहे, तेव्हा दोघींवर निम्मा-निम्मा भार. तर बुडख्याकडची नलिनी म्हणाली, सर, माझ्याकडे जास्त येतंय. मी तिला गप्प केलं. ती ऐकेना. शेवटी दोन्हीकडे तानकाटे लावले आणि चाळीस पोरांसमोर माझं तोंड उतरलं. तिच्याकडे दुप्पट भार होता!

मग पट्टी घेतली. बुडख्याकडची पेरं आखूड असतात, पुढे लांब होत जातात. नलिनीकडची सात पेरं तीन फुटांत संपली आणि तिकडची सहा फुटांत; बादली तिच्या जवळ, म्हणून भारही तिच्यावर जास्त. मी आयुष्यभर पेरं मोजत आलो, लांबी कधी मोजलीच नाही.

आक्का, बुडखा कायम तुझ्या खांद्यावर असायचा. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा, तू तेरा. म्हणजे अठरा शेरांच्या हंड्यातले बारा शेर तू वाहिलेस आणि सहा मी. आणि चढाच्या वाटेवर मी तुला चिडवायचो की तू धापा टाकतेस, मी नाही. आठवतं? करवंदांच्या जाळीपाशी थांबलो की मी करवंदंही मोजून निम्मी घ्यायचो, निम्मं पाणी आणलं म्हणून.

ते सोड. पण मुंबईला निघालो त्या दिवशी, तू आणखी एक वर्ष राहा म्हणालीस, तेव्हा मी अंगणात चार माणसांदेखत काय बोललो? या घराचं निम्मं ओझं मी वाहिलंय, माझी फेड झाली. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, उत्तर नाही म्हणून गप्प आहेस. आज बावीस वर्षांनी त्या शब्दांची माफी मागतो. त्या दिवशी तू खरं सांगितलं असतंस तर मी जागचा हललो नसतो.

तुला हे माहीत होतं का, एवढं तरी कळव. आणि चौथ्यांदा लिहितो, ये. प्रमिलेने पुढची खोली लिंपून ठेवली आहे.

तुझ्या मायेला पात्र नसलेला, तरी ती मागणारा,
रघुनाथ

॥ श्री ॥
गुहागर, ता. ५ फेब्रुवारी १९६५

चि. रघुनाथ यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, की एवढा शिकलेला मास्तर, आणि बांबू मोजायला चौतीस वर्षं लागली. दुसऱ्यांदा वाचताना मात्र डोळे भरून आले, ते लपवत नाही.

माहीत होतं. तुझा गुणाकार मला येत नाही, पण खांद्याला कळतं. दादांची शिस्त तुला आठवत असेलच. आपल्या पोटच्या पोराने लहानपणापासून बरोबरीने वाहिलं पाहिजे, म्हणून ते रोज सकाळी स्वतः पेरं मोजायचे आणि मधल्या सांध्यावर दोरी बांधायचे. त्यांच्या शब्दाबाहेर जायची सोय नव्हती. तू तापातून उठलेला, गळ्याची हाडं दिसत होती तुझ्या. मग बांबू मोडला की नवा आणायला मीच बनात जायची, आणि बुडख्याशी आखूड पेरांचा असेल तोच तोडायची. दादांनाही फसवलं आणि तुलाही. त्याचं पाप लागलं असेल तर लागो.

त्या दिवशी अंगणात उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. बोलले असते तर तू राहिला असतास, हे तूच आता लिहितोस. मग आज त्या चाळीस पोरांना शिकवायला कोण असतं? तुझ्या शब्दांनी लागलं नाही असं मात्र म्हणणार नाही. फार लागलं. किती तरी वर्षं मी तुझ्या घरी यायचं टाळत होते, त्यात भाराचं निमित्त होतं. खरं कारण ते एक वाक्य होतं. फेड झालेल्या माणसाच्या दारात कसं जायचं?

गेल्या सोमवारी चढावर कळशी हातून सुटली. मी तिथेच दगडावर बसले, तासभर उठवेना. कुणी आलं नाही. घराची किल्ली विजयाकडे देते आहे. तिचा मुलगा रमाकांत मुंबईपर्यंत सोबत आहे, तिथून पुढे मी एकटी येईन. येत्या शुक्रवारी दुपारच्या गाडीने वापीला उतरते, घ्यायला ये.

रघू, आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. आता मागते. मी आले की मला परत पाठवू नकोस.

तुझी,
आक्का